एका परातीत आठ गोळे

नागावच्या आमच्या वाडीत सकाळी साडेनऊला वर्ग सुरू होतो. ओट्यावर लिहून ठेवलेली पाककृती नसते. एक मोठी परात असते, आठ वाट्या असतात आणि आठ माणसं असतात. कुणी मुंबईहून पहिल्या बोटीनं मांडव्याला उतरून आलेलं असतं, कुणी पुण्याहून आदल्या रात्रीच मुक्कामाला. कधी परदेशात वाढलेली एखादी मराठी मुलगी येते. आजीच्या हातची भाकरी तिच्या जिभेवर असते, पण ती होताना तिनं कधी पाहिलेली नसते. दुपारी दीडला हीच आठ माणसं स्वतः रांधलेलं जेवतात: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, माशाचं कालवण, पांढऱ्या कांद्याची कोशिंबीर आणि सोलकढी. मधल्या चार तासांत काय काय होतं, कोणत्या क्रमानं होतं आणि त्याच क्रमानं का, ते सांगते.

क्रम लागतो तो जेवणाच्या वेळेपासून मागं मोजत. मासा शिजायला सहा-सात मिनिटं लागतात आणि तो शिजून पडून राहिला की बिघडतो, म्हणून तो सगळ्यांत शेवटी. भाकरी गरमच हवी, पण तिची उकड थोडी मुरावी लागते, म्हणून उकड त्याच्या आधी. नारळ त्याच्याही आधी, कारण त्याचं दूध बिरड्यालाही लागतं आणि सोलकढीलाही. आणि वाल? वर्ग रविवारी असेल तर वाल शुक्रवारी रात्री भिजत पडलेले असतात. म्हणजे खरं पाहिलं तर वर्ग शुक्रवारी रात्रीच सुरू होतो.

भिजवण्याचं हे काम शिकणाऱ्यांच्या हातून होऊ शकत नाही, पण ते त्यांना दिसावं म्हणून मी चार वाडगे मांडून ठेवते. पहिल्यात कोरडे कडवे वाल, दुसऱ्यात रात्रभर भिजलेले, तिसऱ्यात फडक्यात बांधल्यावर नुकता कोंब फुटू लागलेले, चौथ्यात चांगले मोडावलेले. प्रत्येकानं चारही वाडग्यांत हात घालायचा. कोरडा दाणा गुळगुळीत आणि टणक असतो. भिजलेल्याची साल सुरकुतलेली असते, पण ती आतल्या डाळीला घट्ट धरून असते. मोड आला की साल सुटते. या एका गोष्टीसाठीच दोन दिवस थांबायचं असतं.

मोडाचे वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि अंगठा नि बोटाच्या चिमटीत धरून दाबायचे. नीट मोडावलेला दाणा सालीतून टुणकन बाहेर उडी मारतो. सोललेल्या या दाण्यांना कुणी डाळिंब्या म्हणतं, कुणी बिरडं. अर्धा किलो वाल एकट्यानं सोलायला बसलात तर तासाच्या वर जातो. आठ जणांत वीस मिनिटांत परात रिकामी होते. या भागात भाताची कापणी झाली की त्याच शेतात जमिनीच्या ओलीवर वाल येतो, त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. त्यामुळे इथल्या घराघरांत तो वर्षभराच्या बेगमीला असतो आणि तो सोलायला घरातली सगळी माणसं बसत आलेली आहेत. अनोळखी माणसांचा गट बोलता व्हायला याहून चांगलं काम मला सापडलेलं नाही. हात गुंतलेले, डोळे खाली आणि तोंडं मोकळी. वीस मिनिटांनी ही माणसं एकमेकांना नावानं हाक मारू लागलेली असतात. पुढच्या कामांत त्याची गरज पडते, कारण पुढं एकमेकांच्या चुका मोकळेपणानं पाहायच्या असतात.

नारळ खवून झाला की त्याचं दूध काढायचं. इथं मी दोन भांडी ठेवते, एकात माठातलं थंड पाणी आणि दुसऱ्यात बोट सहज बुडवता येईल इतपत कोमट. दोन्हींत सारखंच खोबरं वाटून पिळायला सांगते. कोमट पाण्याचं दूध जाड आणि पांढरं शुभ्र निघतं, थंड पाण्याचं पातळ. थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठलेलं सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. साधारण 24 अंशांच्या खाली ते घट्ट होतं. खोबऱ्यातलं तेलही तसंच, म्हणून ते पाण्यात उतरायला थोडी ऊब लागते. पहिलं जाड दूध वेगळं ठेवायचं आणि चोथ्यात परत पाणी घालून दुसरं पातळ दूध काढायचं. बिरडं शिजतं ते या दुसऱ्या दुधात. पहिलं दूध शेवटी घालायचं आणि त्यानंतर खळखळून उकळू द्यायचं नाही, नाहीतर तेल सुटून दूध फाटतं.

या दुधाशी जोडलेली एक गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगते. आमच्याकडून उत्तरेला, किहीमच्या अलीकडे, नवगाव आहे. बेने इस्राएली या ज्यू समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज जहाज फुटून याच किनाऱ्याला लागले. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून कुलाबा जिल्ह्यात त्यांना शनिवार तेली म्हणत. (1981 पासून हाच रायगड जिल्हा.) मांसाबरोबर जनावराचं दूध-दही खायचं नाही, हा त्यांच्या धर्माचा नियम. कोकणात नारळ होताच. मटणाच्या रश्शाला दाटपणा आणायला त्यांच्या स्वयंपाकघरात नारळाचं दूध गेलं आणि धर्माचा नियम नि किनाऱ्याची चव एकाच भांड्यात बसली. आज यांतली बहुतेक घरं इस्रायलला गेली आहेत, पण अलिबागची इस्राएल आळी आणि तिथलं सिनेगॉग अजून आहे. इथलं जेवण शिकायचं तर ही आळी एकदा पायी फिरून यावी.

बिरडं चुलीवर चढलं की एक छोटा प्रयोग करते. मोठ्या पातेल्यात एवढ्यात आमसूल घालायचं नाही. शेजारी लहान भांड्यात मूठभर बिरडं वेगळं शिजत ठेवायचं आणि त्यात आमसूल पहिल्यापासून घालायचं. वीस मिनिटांनी दोन्हींतला एकेक दाणा बोटांत दाबून पाहायचा. मोठ्या पातेल्यातला दाणा लोण्यासारखा दबतो, आमसुलाबरोबर शिजलेला आतून कडकच राहतो. आंबटपणा कडधान्याला मऊ होऊ देत नाही. म्हणून वाल शिजल्यावरच आमसूल, मग गूळ, मग पहिलं दूध. हा क्रम मी तोंडी दहा वेळा सांगितला असता तरी विसरला गेला असता. दाबून पाहिलेला दाणा विसरला जात नाही.

आता भाकरी. तिला मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण या सगळ्या जेवणात तीच सर्वांत साधी आणि सर्वांत अवघड आहे. तीन गोष्टी लागतात: तांदळाचं पीठ, पाणी आणि मीठ.

गव्हाच्या पिठात ग्लूटेन असतं. मळलं की ते ताणलं जातं आणि पोळी एकत्र धरून ठेवतं. तांदळात ते नाही. थंड पाण्यात तांदळाचं पीठ कितीही मळा, थापायला घेतलं की कडा फाटणारच. म्हणून उकड काढायची. तांदळातला स्टार्च साधारण 70 अंशांच्या पुढं पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. पोळीत जे काम ग्लूटेन करतं, ते इथं हा शिजलेला स्टार्च करतो. एक वाटी पाण्याला चांगली उकळी आणायची, मीठ घालायचं, एक वाटी पीठ एकदम घालून उलथन्याच्या दांड्यानं हलवायचं, आच बंद करायची आणि झाकण ठेवून दहा मिनिटं हात लावायचा नाही. मग परातीत काढून, पाण्याचा हात लावत, सोसवेल तितकं गरम असतानाच मळायचं.

आमच्याकडे चार शेगड्या आहेत. एका शेगडीवर दोघं. एक जण उकड काढतो, दुसरा नुसता पाहतो आणि घड्याळ धरतो. मग अदलाबदल. पीठ एकाच डब्यातलं, वाटी एकाच मापाची, पाणी एकाच विहिरीचं. मळून झालेले आठ गोळे मोठ्या परातीत ओळीनं ठेवायचे.

ते आठ गोळे कधीच सारखे नसतात. माझा सगळा वर्ग या परातीभोवती उभा आहे.

मी सांगते, प्रत्येकानं आठही गोळ्यांवर अंगठा दाबा. एकाच्या कडेला भेगा पडतात. का, ते शेजारी घड्याळ धरून उभा राहिलेला सांगतो: पाण्याला उकळी आल्यावर हा पीठ शोधत राहिला, तेवढ्यात पाणी आटलं. दुसरा गोळा अंगठ्याला चिकटतो, कारण मळताना घाबरून पुन्हा पुन्हा पाण्याचा हात लावला गेला. तिसऱ्यात पांढऱ्या कोरड्या गाठी लागतात. झाकण मधेच उघडलं होतं, वाफ गेली आणि सगळं पीठ शिजलंच नाही. चौथा दिसायला छान, पण दाबला की तुटतो. तो गार झाल्यावर मळला. आणि एखादा गोळा असा असतो की अंगठा दाबला की कड गुळगुळीत राहते आणि अंगठा कोरडा बाहेर येतो. सगळे जण त्यावर पुन्हा अंगठा दाबतात.

घरी एकट्यानं शिकणाऱ्याला एका दिवशी एकच गोळा दिसतो. तो बिघडला तर कशानं बिघडला हे सांगायला शेजारी दुसरा गोळा नसतो. आमच्या आया-आज्यांना हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या भाकऱ्यांनी दिलं. त्याला आपण अंदाज म्हणतो आणि अंदाज शिकवता येत नाही असंही म्हणतो. मला ते पटत नाही. अंदाज म्हणजे बोटांनी लक्षात ठेवलेला फरक. फरक कळायला शेजारी-शेजारी दोन गोष्टी लागतात आणि गटात त्या एकाच सकाळी आठ मिळतात.

मापांबद्दल मी मुळीच वाईट बोलत नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 मधलं आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 मधली, दोन्ही पाककृतींची पुस्तकं. वाटी-चमच्याच्या मापानं ‘रुचिरा’नं माहेरापासून दूर संसार थाटलेल्या किती मुलींना हात दिला असेल त्याची मोजदाद नाही. माझीही प्रत शिवण सुटेपर्यंत वापरलेली आहे. पण एक वाटीला एक वाटी हे माप गोळ्यापर्यंत आणून सोडतं. गोळा बरोबर झाला की नाही ते अंगठ्यालाच विचारावं लागतं.

बिघडलेले गोळे टाकायचे नाहीत. भेगा पडणाऱ्याला गरम पाण्याचा हात, चिकटणाऱ्याला थोडं कोरडं पीठ, गार झालेल्याला पुन्हा दोन मिनिटं वाफ. दुरुस्त झाल्यावर परत सगळ्यांचे अंगठे.

मग थापायचं. आमच्याकडच्या आगरी-कोळी बायका पाण्याच्या हातानं दोन्ही तळव्यांमध्येच भाकरी फिरवत मोठी करतात. ते पाहत राहावं असं आहे, पण पहिल्या दिवशी जमत नाही. नवख्यांनी परातीत पिठी पसरून थापावी, बोटांनी मधून कडेकडे, भाकरी आपोआप फिरेल अशी. तवा लोखंडी आणि चांगला तापलेला हवा. पाण्याचे थेंब शिंपडले तर ते नाचून उडून गेले पाहिजेत. भाकरी तव्यावर टाकताना पिठीची बाजू वर ठेवायची आणि लगेच तिच्यावर ओला हात फिरवायचा. हे पाणी नुसती पिठी पुसायला नसतं. त्यानं वरचा पापुद्रा ओला राहतो, तडकत नाही. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलेलं नाही, अशा वेळी उलटायची. दुसरी बाजू नीट भाजली की उचलून थेट आचेवर. दोन्हीकडचे पापुद्रे अखंड असतील तर आत कोंडलेल्या वाफेला बाहेरची वाट नसते आणि भाकरी टम्म फुगते. कुठं एक बारीकशी चीर असेल तर वाफ तिथून निसटते. न फुगलेली भाकरी हातात घेऊन तिची चीर शोधायला मी लावते. ती हमखास सापडते, आणि बहुतेक वेळा ती उलटताना उलथन्याच्या टोकानं पडलेली असते.

अकराच्या सुमाराला कोळीवाड्यातून काकी येतात. मासा त्या शिकवतात, मी त्यांच्या हाताखाली असते. त्यांच्या टोपलीत त्या दिवशी जे मिळालं ते असतं: बांगडा, हलवा, कधी सुरमई. खाडीच्या आणि खारजमिनीच्या बाजूनं कुणी जिताडा दिला तर त्या दिवशी वर्गाचा थाट वेगळा. भरतीच्या पाण्याबरोबर आत आलेली जिताड्याची पिल्लं पेण-अलिबागकडचे शेतकरी तळ्यात सोडून वाढवतात आणि तो मासा जावयाच्या पाहुणचाराला राखून ठेवतात.

काकी दोन मासे शेजारी ठेवतात, एक आजचा आणि एक बर्फात राहिलेला कालचा. पुन्हा तीच रीत, प्रत्येकानं बोट दाबायचं. ताज्याचं मांस दबून लगेच वर येतं, शिळ्यावर खळगा राहतो. ताज्याचे कल्ले लालभडक, डोळा फुगीर आणि स्वच्छ. मग खवलं काढायची, साफ करायचं, तुकडे करून हळद-मीठ लावून ठेवायचं. मिठानं थोडं पाणी सुटतं आणि मांस घट्ट होतं, त्यामुळे तुकडा कालवणात लगेच मोडत नाही.

मसाला बरणीतून येतो. वर्षाचा आगरी-कोळी मसाला इथं एप्रिल-मेच्या कडक उन्हात मिरच्या वाळवून, भाजून, डंकावर कुटून होतो. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, म्हणून मी तो वर्गात करायला शिकवत नाही, ओळखायला शिकवते. यंदाचा आणि मागच्या वर्षीचा असे दोन मसाले वास घ्यायला फिरवते. ही मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आली, आणि आमच्या दक्षिणेला काही मैलांवरचं चौल-रेवदंडा 1740 पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं.

काकींच्या कालवणात खोबरं नसतं. तेलात ठेचलेला लसूण, तो तांबूस झाला की आच अगदी मंद करून मसाला. इथं नवखा माणूस हमखास चुकतो. मिरचीचा रंग आणि वास तेलात उतरतो, पाण्यात तितका नाही, म्हणून मसाल्याला तेल दाखवायचंच. पण तो करपायला काही क्षण पुरतात. रंग उजळला की लगेच चिंचेचा कोळ, पाणी आणि दाटपणासाठी चमचाभर तांदळाचं पीठ कालवून. चांगली उकळी फुटली की मासा. इथून पुढं काकींचा एकच हुकूम असतो: “डाव लावायचा नाही, टोप हलवायचा.” दोन फडक्यांनी टोपाच्या कडा धरून तो गोल हलवायचा. सहा-सात मिनिटांनी मांस काट्यापासून सुटू लागलं की उतरवायचा. त्या टोपाच्या गरमीनं मासा पुढंही शिजत राहतो, हे धरूनच.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा वर्गात सुके बोंबील, सोडे आणि जवळा असतात. तो वेगळाच धडा आहे आणि भर पावसात आलेला गट मला फार आवडतो.

कोशिंबीर आणि सोलकढीला फार सांगायला नको. अलिबागचा पांढरा कांदा गोडसर आणि कमी तिखट असतो, भातानंतरच्या शेतात हिवाळ्यात लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वेण्या घालून रस्त्याकडेला विकायला येतो. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. चिरायचा, मीठ-लिंबू लावायचं, झालं. सोलकढीत कोकम आगळ, नारळाचं दूध, लसूण-मिरची ठेचून. फक्त ती आचेवर ठेवायची नाही, एवढ्या आंबटात दूध गरम झालं की फाटतं.

जानेवारी-फेब्रुवारीत आलेल्या गटाला संध्याकाळी पोपटी मिळते. मातीच्या मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा. त्यात वालाच्या ताज्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, कुणाला हवी तर केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, वरून मीठ आणि ओवा. पाणी थेंबभर नाही. तोंड पाल्यानं गच्च बंद करून मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, झावळ्या, गोवऱ्या पेटवायच्या. पाल्यातला आणि शेंगांतला ओलावा वाफ होतो आणि त्याच वाफेत सगळं शिजतं. मधे उघडून बघायची सोयच नाही. अर्ध्या-पाऊण तासानं तापल्या मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र आवाज होऊन ते क्षणात उडालं की पोपटी झाली. सकाळी अंगठ्यानं ओळखायला शिकलेली माणसं संध्याकाळी कानानं ओळखतात. तोवर त्यांना ते सांगावंही लागत नाही, आवाज झाला की आठही जण एकदम मागं सरकून मडक्याला जागा करतात.

आता एक चूक सांगायची आहे, ती माझी आहे. एका वर्गाच्या आदल्या दिवशी घरचं पीठ संपलं आणि मी दुसऱ्याच एका गिरणीतून आणलं. ते जाडसर दळलेलं होतं आणि मी ते चाळून, चोळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आठच्या आठ गोळे फाटले. माप बरोबर, उकळी बरोबर, झाकण बरोबर. जाड कणाच्या आतपर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, दहा मिनिटांत तो पुरता शिजत नाही. मी पाणी आणि वेळ वाढवून पुन्हा उकड काढायला लावली, तेव्हा जमलं. पण परतीच्या बोटीची वेळ झाली होती. एक बाई निघताना म्हणाल्या, “ताई, इथलं पीठ कळलं. माझ्या घरचं कसं वागेल?”

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. नव्या तांदळाचं पीठ चिकट असतं, त्याला पाणी कमी लागतं. जुन्याला जास्त. पिशवीतलं विकतचं पीठ किती जुनं आहे ते तुम्हाला माहीत नसतं. माझ्या डब्यावर शिकलेला अंगठा तुमच्या डब्यावर पहिल्या दिवशी चुकू शकतो. तेव्हापासून आमच्याकडे दोन उकडी होतात, एक माझ्या पिठाची आणि एक ज्याच्या-त्याच्या घरच्या पिठाची, आणि परातीत आठाऐवजी सोळा गोळे असतात.

म्हणून नागावला या, मुरुडला जा की आपल्याच गावात कुणा काकींकडे चार जणांनी मिळून शिका, शिकायला जाताना घरातल्या डब्यातलं दोन वाट्या पीठ बरोबर न्या.